‘नकार’ रकान्यातल्या आक्का: ढेबेवाडी खोऱ्यातल्या एका घराचं लसीकरण प्रकरण

नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘हर घर दस्तक’ मोहिमेसाठी आमच्या उपकेंद्राने घरोघरची यादी पुन्हा काढली. वरच्या वाडीच्या पानावर एका घराच्या दोन ओळी एकाखाली एक आल्या होत्या. नाना, वय ७१, दमा: दोन्ही डोस पूर्ण. आक्का, वय ६४, साखर, बीपी, हृदयविकार: एकही डोस नाही. शेवटच्या रकान्यात पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘नकार’.

एकच घर, एकच चूल, घरात एकच मोबाइल. आमच्या माहितीपत्रकांनी, दवंडीने, व्हॉट्सअॅपवरच्या अफवांनी जे काही केलं असेल ते दोघांवर सारखंच केलं असणार. मग एक पूर्ण आणि दुसरी कोरी, असं का? अतिजोखमीच्या लोकांनी लस का घेतली आणि का नाही, यावर प्रशिक्षणात मी बऱ्याच स्लाइड पाहिल्या होत्या. या दोन ओळींचं उत्तर त्यांत नव्हतं. तेव्हा मी त्या उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी होते. आक्का आणि नाना ही नुसती हाक मारायची नावं आहेत. वाडीचं नाव आणि काही बारीक तपशील मी मुद्दाम झाकले आहेत.

वरची वाडी म्हणजे डांबरी रस्ता संपल्यावर पाऊण तासाचा चढ. खाली उतरून वडाप (प्रवासी भरून नेणारी खासगी जीप) मिळालं तर आरोग्य केंद्र वीस मिनिटांवर, नाही मिळालं तर दिवस गेला. घरात नाना, आक्का, सून, दोन नातवंडं आणि एक म्हैस. मुलगा कोपरखैरण्यात राहतो आणि मशीद बंदरला माथाडीचं काम करतो. साताऱ्याच्या पाटण तालुक्यात अशी घरं मोजण्यापेक्षा तशी नसलेली मोजणं सोपं. आक्कांना २०१८ मध्ये झटका आला, कराडला नेऊन ‘स्प्रिंग’, म्हणजे स्टेंट, बसवली. तेव्हापासून साखरेची गोळी, बीपीची गोळी आणि रक्त पातळ राहावं म्हणून दोन गोळ्या रोज चालू.

मी गेले ती सकाळी नऊच्या सुमारास. सोबत सिस्टर, गळ्यात व्हॅक्सिन कॅरिअर. एसटीचा संप लागला होता, त्यामुळे कुणाला खाली बोलावण्यात अर्थच नव्हता. लस वर नेणं हा एकच मार्ग उरला होता, आणि खरं सांगायचं तर संप नसता तर आम्ही त्या दिवशी वर चढलो असतो की नाही, मला शंका आहे. आक्का गोठ्यात होत्या. हात धुऊन पदराला पुसत बाहेर आल्या, घोंगडं टाकलं, बसायला सांगितलं.

मी नेहमीच्या पद्धतीने सुरुवात केली, “आक्का, तुम्ही लस घेणार न्हाई म्हणालात असं यादीत लिहिलंय.”

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. “मी? कवा म्हणले? मी दोनदा येऊन गेले की वो.”

हे दोनदा येणं आमच्या एकाही कागदावर नव्हतं. पुढचा तासभर मी लस बाजूला ठेवून नुसतं ऐकलं. त्यातून जे उलगडलं ते त्यांनी सांगितलं त्याच क्रमाने नाही, पण तारखांच्या हिशेबाने मांडते.

देशात लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झालं, आधी आरोग्य कर्मचाऱ्यांचं. १ मार्चपासून साठीपुढचे सगळे आणि ४५ ते ५९ मधले सहव्याधी असलेले लोक घेतले. दुसऱ्या गटाला डॉक्टरचा दाखला लागायचा. आक्का-नाना दोघंही साठीपुढचे, म्हणजे दाखल्याची भानगड नाही, वयाचा पुरावा पुरेसा. मार्चच्या मध्यावर शेजारचे तिघं वडाप करून निघाले, त्यांच्यासोबत नाना गेले. आक्का का नाही गेल्या? तर म्हैस नुकतीच व्यालेली, आणि ती सुनेला पान्हा सोडत नाही. सुनेने भांडं घेऊन बसलं की पाय झाडते. दुधाचा पगार दहा दिवसांनी येतो आणि घरातलं तेल-मीठ त्यावर चालतं. दोन्ही म्हाताऱ्यांनी एकदम घर सोडायचं नाही, असा तो व्यवहार. कुणी जायचं हा प्रश्नच उद्भवला नाही. बाहेरची कामं नानांची.

नाना लस घेऊन आले आणि रात्री फणफणले. दोन रात्री ताप, अंगदुखी, पॅरासिटामॉल. तिसऱ्या दिवशी ठणठणीत. आमच्या दृष्टीने ही अपेक्षित प्रतिक्रिया. आक्कांच्या दृष्टीने मात्र तो प्रयोग होता, आणि त्यांनी त्याचा निष्कर्ष काढला: “गडी माणूस आसून येवढा तापला, माझ्या तर काळजात स्प्रिंग हाय.”

तरीही त्यांनी नाही म्हटलं नाही. मार्चअखेर कराडला तपासणीची तारीख होती, तिथे त्यांनी डॉक्टरांना विचारलं. उत्तर मिळालं, “आत्ता थांबा, पुढच्या वेळी बघू.” बाहेर पेशंटची रांग, दुसरी लाट चढायला लागलेली, मी त्या डॉक्टरांना फार दोष देत नाही. ते असं का म्हणाले असतील याचा अंदाज मात्र करता येतो. जानेवारीत कोव्हॅक्सिनच्या माहितीपत्रकात, लस घेऊ नये अशांच्या यादीत रक्त पातळ करणारी औषधं घेणारेही होते. ते पत्रक फोनाफोनी फिरलं. प्रत्यक्षात ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गोळ्या रक्तातल्या चिकटणाऱ्या पेशींवर काम करतात. ज्या औषधांबद्दल जास्त काळजी घ्यायची, ती रक्त गोठण्याची क्रिया रोखणारी औषधं वेगळी. या गोळ्या घेणाऱ्याला लस देताना सुई बारीक वापरायची आणि नंतर जागा न चोळता दोन-चार मिनिटं दाबून धरायची, एवढंच. शिवाय आमच्या केंद्रावर कोव्हिशिल्ड होती. हे सगळं दोन वाक्यांत सांगता आलं असतं. ती दोन वाक्यं मार्चमध्ये आक्कांना कुणीच सांगितली नाहीत, आणि ‘पुढची वेळ’ लॉकडाऊनमध्ये विरून गेली. गोळ्या सुनेच्या भावाने कराडहून आणून दिल्या.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्या तरीही उतरल्या. शेजारीण म्हणाली, “माझी सोबत हाय, चला.” पहाटे धार काढून निघाल्या. केंद्राच्या दारावर कागद चिकटवलेला: लस शिल्लक नाही. त्या दिवसांत सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांत साठा संपून केंद्रं बंद पडली होती, हे वर्तमानपत्रांतही आलं होतं. आक्का वडापचे पैसे देऊन परत आल्या. केंद्रावर लस घेणाऱ्याची नोंद होते. दारातून परत जाणाऱ्याची होत नाही.

इथे एक आडवळण घेते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २०१४ मध्ये लशीबाबतच्या ‘टाळाटाळी’ची जी व्याख्या केली, तिच्यात एक महत्त्वाची अट आहे: लशीची सोय उपलब्ध असूनही ती घ्यायला केलेला उशीर किंवा दिलेला नकार. ‘असूनही’ हा शब्द आमच्या यादीतून गळून पडला होता. एप्रिल ते जून या काळात आमच्या खोऱ्यात ज्यांनी लस घेतली नाही, त्यांतल्या किती जणांना टाळाटाळ करणारे म्हणायचं? मे महिन्यात तर राज्याला ४५ च्या पुढच्यांच्या दुसऱ्या डोसासाठी १८ ते ४४ चं लसीकरण थांबवावं लागलं होतं.

त्यातच नानांच्या कार्डाची गंमत झाली. सिस्टरने २८ दिवसांनंतरची तारीख लिहिली होती. मार्चच्या चौथ्या आठवड्यात दोन डोसांमधलं अंतर सहा ते आठ आठवडे झालं, मेच्या मध्यावर बारा ते सोळा आठवडे. कारणं होती, जास्त अंतर ठेवल्यास कोव्हिशिल्डचा परिणाम चांगला मिळतो असं दिसत होतं. पण नाना दोनदा विचारायला खाली आले आणि दोनदा ‘अजून नाही’ ऐकून गेले. घरी जाऊन म्हणाले, “सरकारलाच धड म्हाईत न्हाई.” नाना जूनमध्ये दुसरा डोस घेऊन मोकळे झाले, पण ते वाक्य घरात राहिलं.

मे महिन्यात खालच्या वाडीतला एक जण पहिल्या डोसानंतर आठ-दहा दिवसांत गेला. त्याला कोरोना झाला होता. लस अंगात काम करायला लागायच्या आधीच लागण झाली, कदाचित रांगेतच. आम्ही हे समजावलं, पण कसं? माइकवरून. लोकांनी जे पाहिलं ते असं: सुई घेतली न् गेला. असा मृत्यू झाला की दुसऱ्याच दिवशी त्या घरी बसायला जावं, तिथे जमलेल्या बायकांशी बोलावं, हे मला आता कळतं. तेव्हा आमच्याकडे ऑक्सिमीटर घेऊन फिरायलाच माणसं पुरत नव्हती. आशाताई जूनमध्ये मानधनासाठी संपावर गेल्या, तेव्हा मला राग आला नाही.

मग पाऊस. २२-२३ जुलैला आमच्याच तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळून घरं माणसांसकट गाडली गेली. वरच्या वाडीच्या मागेही डोंगरच आहे. महिनाभर लोक रात्री झोपत नव्हते, पाऊस वाढला की शाळेत येऊन राहायचे. त्या महिन्यात लशीबद्दल विचारायचं धाडस मला झालं नाही. २ ऑगस्टला राज्याने निर्बंध सैल केले, तेव्हाही जे ११ जिल्हे जुन्याच निर्बंधांत राहिले त्यांत सातारा होता, म्हणजे साथ ओसरली असंही नाही.

दुसरी खेप सप्टेंबरची. खालच्या वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिबिर होतं. आक्का सकाळची धार, भाकरी, नातवंडांचं उरकून एकच्या सुमाराला पोचल्या. तिथे तेव्हा तीन जण उरलेले. कोव्हिशिल्डच्या वायलमध्ये, म्हणजे लशीच्या बाटलीत, दहा डोस असायचे आणि फोडल्यावर ती चार तासांत संपवावी लागायची. वाया गेलेल्या डोसांचा हिशेब वर द्यावा लागे. सिस्टर म्हणाल्या, “अजून चार-पाच जण आले की फोडते, बसा.” आक्का अडीच-तीनपर्यंत बसल्या. संध्याकाळच्या धारेची वेळ, वर चढायला पाऊण तास. उठून गेल्या. त्या सिस्टर माझ्यासोबतच घोंगड्यावर बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली. मी त्यांना पुढे काही बोलले नाही, कारण वाया गेलेल्या डोसांचा खुलासा मागणारी पत्रं मीच त्यांच्या हातात दिली होती.

मग ‘नकार’ कुणी लिहिला? आशाताईंनी. त्या आक्कांच्या घराच्या भावकीतल्या. दोन घरांत बांधावरून वाद आहे, तहसीलपर्यंत गेलेला. दोन वर्षं आशाताई त्या उंबऱ्यात गेल्या नव्हत्या. सर्वेक्षणाच्या दिवशी शेजारणीला विचारलं, ती म्हणाली, “ती कुठं घेतीया?” झालं, रकाना भरला. मला हे आक्कांच्या सुनेकडून कळलं. आशाताईंना मी विचारलं तेव्हा त्या रडल्या. वाडीत राहणारीच आशा असावी हा नियम योग्यच आहे. पण वाडीत राहणारी म्हणजे वाडीची भांडणं असलेली, हे कुठल्याच मार्गदर्शक सूचनेत नाही. अशा दोन-चार घरांची जबाबदारी शेजारच्या वाडीच्या आशाकडे द्यायला काही खर्च येत नाही. आम्ही नंतर तसं केलं, तोंडी, कागदावर न आणता.

मुलाचं काय? त्याने जूनअखेर टोळीतल्या सगळ्यांबरोबर खासगी रुग्णालयात ७८० रुपये देऊन पहिला डोस घेतला. दुसऱ्याची घाई लावली ती लोकलने. १५ ऑगस्टपासून मुंबईत दोन्ही डोस होऊन १४ दिवस झालेल्यांनाच लोकलचा पास मिळत होता. चाळिशीतला धडधाकट माणूस, त्याला आजाराची भीती नव्हती, रोजगाराची होती. आईच्या जगात लशीवाचून अडेल असं काहीच नव्हतं. म्हशीला सर्टिफिकेट लागत नाही. फोनवर तो आईला “घेऊन टाक” म्हणायचा, आणि त्याच फोनवरून टीव्हीतली क्लिपही पाठवायचा, लस घेतल्यावर कुणाला काय झालं त्याची. नानांची नोंदणी त्याच्याच नंबरवर होती, त्यामुळे डोसाचे मेसेज कोपरखैरण्यात वाजायचे.

घोंगड्यावर बसून मी सगळ्यात उशिरा विचारलेला प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा होता: “तुमाला भ्या कशाचं वाटतंय?”

आक्का म्हणाल्या, “तुमची रिक्षाच बोंबलत हुती की. साखर, बीपी, हार्टवाल्यास्नी धोका जास्त हाय म्हणून.”

त्या दवंडीचा मजकूर मीच लिहून दिला होता: ‘साखर, रक्तदाब, हृदयविकार असणाऱ्यांना धोका जास्त आहे, त्यांनी लस घ्यावी.’ रिक्षा खालच्या रस्त्याने जाते. वळणावर अर्धं वाक्य वर चढतं, अर्धं ओढ्यात जातं. पण वाक्य पूर्ण पोचलं असतं तरी धोका कशाचा, कोरोनाचा की सुईचा, हे त्यात नव्हतंच. आम्ही आक्कांच्या आजारांकडे ‘लस आधी द्यायचं कारण’ म्हणून बघत होतो, त्या ‘लस टाळायचं कारण’ म्हणून. ज्यांना धोका जास्त, त्यांच्यात लस कमी का, याचं मला सापडलेलं सगळ्यात सरळ उत्तर हे आहे. स्वतःच्या आजारांची जाण असलेला माणूस सुईला जास्त घाबरतो, आणि त्याला ज्या डॉक्टरने जगवलं त्या डॉक्टरच्या तोंडून ऐकल्याशिवाय हात पुढे करत नाही. नानांच्या दम्याला असा कुणी ठरलेला डॉक्टरच नव्हता. दम लागला की गावातल्या दुकानातली गोळी. त्यामुळे त्यांना थांबवणारंही कुणी नव्हतं.

मी गोळ्यांची पाकिटं मागितली. सुनेने डबा आणला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात सगळ्या स्ट्रिप रबरात बांधलेल्या. मी प्रत्येकीवरचं नाव मोठ्याने वाचलं, आमच्या एमओ साहेबांना, म्हणजे आरोग्य केंद्राच्या मेडिकल ऑफिसरना, फोन लावला. रेंजसाठी मला उंबऱ्याबाहेर कट्ट्यावर उभं राहावं लागलं, आक्का माझ्या मागोमाग आल्या. फोन स्पीकरवर टाकला. साहेबांनी त्यांना थेट सांगितलं, “मावशी, या गोळ्या चालू ठेवूनच घ्यायची. गोळी बंद करायची नाही. साखर किती आहे ते बघून लस थांबवत नाहीत.” आक्कांनी विचारलं, “ताप आला तर काळजावर ताण येतूय का?” साहेब म्हणाले, “तापाची गोळी घ्यायची, पाणी प्यायचं. कोरोना झाला तर जो ताण येईल त्याच्यापुढे हे काहीच नाही.”

एवढं ऐकल्यावर त्यांनी मला विचारलं ते अगदी वेगळं. “उद्या ताप आला तर धार कोण काढंल?”

सुनेची आई खालच्या गावात असते, तिला म्हैस ओळखते. सुनेने लगेच फोन केला, ती दुपारी येते म्हणाली. मग आक्कांनी पदर खांद्यावरून सरकवला. सिस्टरने वायल फोडली. त्या दिवशी वर चार जणच सापडले, आणि उरलेले सहा डोस आम्ही खाली उतरताना वाटेतल्या दोन घरांत आणि मग दुधाच्या डेअरीवर उभं राहून संपवले. आक्कांचा दंड मी स्वतः कापसाने दाबून धरला, घड्याळ लावून पाच मिनिटं. अर्धा तास थांबलो, चहा झाला, बीपी घेतलं. १५०/९०. “हे सुईमुळं?” “न्हाई आक्का, हे चढ चढून आलेल्या पाहुण्यांमुळं.” पहिल्यांदा हसल्या.

दुसरा डोस फेब्रुवारी २०२२ मध्ये, ८४ दिवस झाल्यावर. त्या दिवशी त्यांना कुणी बोलवायला गेलं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सुनेने तारखेला गोल केला होता. आक्का सकाळी साडेदहाला उपकेंद्राच्या पायरीवर हजर, सोबत वाडीतल्या आणखी दोन बायका. त्यांतली एक साखरेची.

प्रशिक्षणाच्या चौकटीत बसवायचं तर यात सगळं आहे: विश्वास, सोय, बेफिकिरी. पण ती चौकट एका माणसाच्या मनात डोकावते, आणि इथे निर्णय एका माणसाचा नव्हता. त्यात म्हैस होती, सुनेची आई होती, कराडचे डॉक्टर होते, दहा डोसांची वायल होती, बांध होता. बेफिकिरी तर २०२१ भर त्या घरात मला कुठेच दिसली नाही.

ती दिसली पुढच्या वर्षी. जुलै २०२२ मध्ये तिसऱ्या, म्हणजे प्रिकॉशन डोसाचं अंतर नऊ महिन्यांवरून सहा महिन्यांवर आणलं. साठीपुढच्यांना तो सरकारी केंद्रावर आधीपासूनच मोफत होता. भाताची लावणी उरकलेली, रस्ता सुरू, लस भरपूर, एका माणसासाठीही वायल फोडायची मुभा. सप्टेंबरमध्ये मी वरच्या वाडीला गेले. आक्का अंगणात वाल सोलत बसल्या होत्या. मी विचारलं. त्यांनी शेंग मोडली, दाणे सुपात टाकले.

“आता कुठं हाय कोरोना? दोन घेतल्या की. आता नगं.”

मी साखरेची, स्प्रिंगची, वयाची सगळी कारणं सांगून पाहिली. साहेबांना फोन लावू का, विचारलं. म्हणाल्या, “लावा की, त्येंनाबी हेच सांगते.” चहा दिला, वालाच्या शेंगा पिशवीत घालून दिल्या.

खाली येऊन मी रजिस्टर उघडलं आणि त्यांच्या ओळीपुढे ‘नकार’ लिहिलं, पेनने.